सोमवारचं वजन

सुलोचनाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी चंदीगडला निघाल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा होत्या आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक वजनकाटा होता. वर टांगायचा, खाली झोळी अडकवायची, झोळीत मूल ठेवायचं, तसा. वऱ्हाडातल्या एका लहानशा गावात चौतीस वर्षं अंगणवाडी चालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. बाकी काही असो, मुलांची वजनं करण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. गावाचंही तेच मत होतं. त्यात एक गोम होती, ती पुढे येईलच.

नातवाची बातमी त्यांना फोनवर कळली होती. मुलगा आहे, तीन किलोचा आहे, वरचा ओठ नाकपुडीपर्यंत चिरलेला आहे आणि आतली टाळूही दुभंगलेली आहे, हे सगळं रुपेश, म्हणजे त्यांचा मुलगा, एका दमात बोलून मोकळा झाला. सुलोचनाबाईंनी फोन सुनेकडे, प्राचीकडे, द्यायला लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतं का गं?" चौतीस वर्षं गरोदर बायांना सतरंजीवर बसवून 'ग्रहणाचा आणि ओठाचा काडीचा संबंध नाही' असं सांगणारी ही बाई. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. प्राचीनं फोन तसाच नवऱ्याकडे परत दिला. तेव्हापासून तो प्रश्न सुलोचनाबाईंना सलत होता. माफी मागावी असं रोज वाटे आणि रोज ते राहून जाई.

रुपेश-प्राचीचं घर मुल्लानपूरच्या एका नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर होतं. रुपेश मोहालीत आयटी कंपनीत. प्राची सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आता बाळंतपणाच्या रजेवर. मूळची नाशिकची, बोलायला मोजकी. एका खिडकीतून गव्हाची शेतं दिसत, दुसरीतून क्रेन दिसत, आणि दोन्हींतून धूळ आत येई.

टाळू दुभंगलेल्या बाळाला चोखता येत नाही. तोंडात हवा धरली जात नाही, म्हणून दूध ओढलं जात नाही, आणि जे आत जातं त्यातलं थोडं नाकातून बाहेर येतं. प्राची पंपानं दूध काढी आणि ते बोंडल्यानं थेंब थेंब पाजावं लागे. एका वेळच्या दुधाला सव्वा तास जाई, आणि निम्म्यातच बाळ दमून झोपी जाई. ओठाचं ऑपरेशन तीन महिन्यांनी करू, पण वजन पाच किलो झालं तरच, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तारीखही मिळाली होती. बारसं त्या तारखेनंतर करायचं ठरलं, कारण फोटो. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण फोटोत ओठ नीट दिसावा असं घरात प्रत्येकाला वाटत होतं आणि सुलोचनाबाईंना सगळ्यांत जास्त वाटत होतं. तोवर ते नुसतं 'बाळ' होतं.

पहिला महिना वजन प्राचीच करत असे. शास्त्रज्ञच ती. प्रत्येक पाजण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आकडा हलला नाही की तिचा चेहरा उतरे, चेहरा उतरला की दूध आटे, आणि दूध आटलं की आकडा कशानं हलणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शेवटी रुग्णालयातल्या गुरमीत सिस्टरनं फोनवर तोडगा काढला. अशा बाळांच्या आहाराचं तीच बघायची.

"देखो जी, अब वजन सिर्फ सोमवार को, और वो भी दादीजी करेंगी," ती म्हणाली. "आंटीजी तो हमसे भी पुरानी हैं इस काम में. मैं हर सोमवार फोन करूँगी. वजन रुके तो उसी दिन बता देना. दूध की ताकत बढ़ाने के तरीके हैं, नहीं तो नाक से नली डाल देंगे. दो-तीन हफ्ते में बच्चा दौड़ पड़ेगा."

बाकीचं सगळं सुलोचनाबाईंच्या कानाआड झालं. नाकातून नळी, एवढंच डोक्यात राहिलं.

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी त्यांनी रुपेशच्या व्यायामाच्या दांड्याला काटा टांगला. त्या दांड्याला रुपेश लग्नानंतर एकदाही लटकला नव्हता, त्यामुळे दांडा मोकळाच होता. काट्यानं तीन किलो सातशे दाखवलं. रुग्णालयाच्या कार्डावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे होते. तीन सातशे हिरव्याच्या अगदी काठावर येत होतं. सुलोचनाबाईंनी तिथं ठिपका दिला, सिस्टरला आकडा सांगितला आणि घरात जरा बरं वाटलं.

सहाव्या सोमवारी काटा तीन साडेसातशेवर थांबला. आठवड्यात पन्नास ग्रॅम. ठिपका पिवळ्यात जात होता.

आता ती गोम. अंगणवाडीत पिवळं मूल म्हणजे बैठकीत उभं राहून उत्तर देणं, आणि लाल मूल म्हणजे घरी फेऱ्या, अहवाल, वर बोलणी. पहिली चार-पाच वर्षं सुलोचनाबाईंनी ती खाल्ली. मग हळूहळू त्यांना काटा जरा बाजूनं बघायची सवय लागली. बाजूनं बघितलं की शंभर-दीडशे ग्रॅम जास्त दिसतात. तेवढ्यानं पिवळ्याचं हिरवं होतं. याला खोटं म्हणतात हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही, कारण ज्या मुलाचा ठिपका त्या वर ढकलत, त्याला दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या हातानं अंडं नाहीतर शेंगदाण्याचा लाडू जास्तीचा भरवत. पोटाला मी घालतेच आहे, मग कागदाला कशाला उपाशी ठेवा, असा त्यांचा हिशेब. पोरं सुधारतही. बहुतेक सुधारत.

सहाव्या सोमवारी प्राची दाराशी उभी होती. आत आली नाही, नुसतं विचारलं, "वाढलं का हो आई?" चार दिवस तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. डोळ्यांखाली काळं. आणि सुलोचनाबाईंच्या मनात तो ग्रहणाचा प्रश्न.

"वाढलं तं," त्या म्हणाल्या. "तीन नऊशे."

ठिपका हिरव्यात गेला. प्राची खुर्चीवर बसली आणि रडली, मग दोन पोळ्या खाल्ल्या, आणि त्या दुपारी दूध इतकं आलं की बाटली अपुरी पडली. आपण केलं ते औषधच केलं, अशी सुलोचनाबाईंची खात्री झाली. आठवडाभरात लेकराला दोन घोट जास्त पाजू, भरून काढू. आजवर भरून निघतच आलं होतं.

पण इथं अंडं नव्हतं आणि लाडू नव्हता. सातव्या आठवड्यात एका दुपारी पाजताना बाळाला ठसका लागला. दूध नाकातोंडातून आलं, ओठ निळे पडले. सुलोचनाबाईंनी पालथं धरून पाठ थोपटली तेव्हा कुठं ते रडलं. प्राची आंघोळीला गेली होती. त्यांनी तिला सांगितलं नाही. त्यानंतर बाळानं तोंड फिरवलं की त्या लगेच थांबत. भरलं पोट, असं म्हणत. पोट भरलेलं नाही हे त्यांना कळत होतं. राहिलेलं दूध त्या मोरीत ओतत आणि वाटी विसळून पालथी घालत.

दर सोमवारी गुरमीत सिस्टरचा फोन येई. "कितना आया जी?" सुलोचनाबाई सांगत. चार शंभर. चार तीनशे. चार पाचशे. "वेरी गुड आंटीजी, जैसे चल रहा है चलने दो," ती म्हणे आणि फोन ठेवी. वजन रुकलंय असं एकदा जरी तिच्या कानावर गेलं असतं तरी ती धावून आली असती. हे सुलोचनाबाईंना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्या फोनची घंटा वाजली की त्या आधी आकडा घोकून घेत. पण एकदा चार शंभर सांगितल्यावर पुढच्या सोमवारी तीन आठशे कसं सांगणार? एक खोटं पचवायला दहा खोटी, म्हणतात ते काही उगाच नाही.

चंदीगडची थंडीही त्यांना सामील झाली. बाळ सदान्‌कदा टोपडं, दोन झबली आणि दुपट्यात. तेल लावणं, न्हाऊ घालणं आणि दिवसाचं बहुतेक पाजणं आजीकडे. एकदा प्राचीनं दुपटं बदलताना मांडी हातात धरून बघितली. "आई, पाय बारीक वाटतात हो याचे." सुलोचनाबाई म्हणाल्या, "बापावर गेलं. रुपेश असाच काडीपैलवान होता." प्राची हसली. तिला विश्वास ठेवायचाच होता आणि समोर चौतीस वर्षांचा अनुभव बसला होता.

दहाव्या आठवड्याच्या लशीला सुलोचनाबाई बाळाला घेऊन एकट्याच गेल्या. तिथल्या सिस्टरनं सवयीनं काट्याकडे बोट दाखवलं. "घर पे कल ही किया जी," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि कार्ड पुढे केलं. मी पण हेच काम करायचे, हेही सांगितलं. सिस्टरनं कार्ड बघून मान डोलावली. परत येताना ऑटोत त्यांनी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. ह्या बाईनं हट्ट धरला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. आपली लबाडी दुसऱ्यानं पकडावी म्हणून देवाला साकडं घालणारी माणसं असतात, त्यांतल्या त्या एक झाल्या होत्या. रोज सकाळी ठरवत, आज सांगायचं. रोज प्राची चहाचा कप आणून देई आणि म्हणे, "आई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं." मग जीभ उचलत नसे.

बाराव्या सोमवारी काटा होता तीन नऊशे. कार्डावर गेलं पाच किलो शंभर. रुपेशनं नाशिकला आणि गावी फोन केले, बारशाची तारीख सांगून टाकली. सुलोचनाबाईंनी त्या रात्रीचं जेवण पोट बिघडलंय म्हणून टाळलं.

ऑपरेशनसाठी दाखल व्हायच्या दिवशी रुग्णालयात बाळाचे कपडे उतरवले आणि त्याला काचेच्या पाळण्यासारख्या काट्यात ठेवलं. लाल आकडे फिरले आणि थांबले. तीन किलो नऊशे दहा. सिस्टरनं बाळ उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. तीन नऊशे दहा. तिनं कार्ड बघितलं. मग डॉक्टर आल्या. त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही, बाळाच्या मांडीवरची सैल कातडी चिमटीत धरून बघितली आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या. ऑपरेशन रद्द झालं. बाळ कुपोषणाच्या लाल पट्ट्यात होतं आणि त्याला लगेच दाखल करायचं होतं.

"मागच्या सोमवारी पाच शंभर होतं," रुपेश हिंदीत म्हणाला. "तुमचा काटा खराब असेल."

"हमारा ठीक है," डॉक्टर म्हणाल्या. "आपका घर का खराब हो सकता है?"

ही सुटकेची वाट होती. सुलोचनाबाईंच्या ओठावर 'हो' आलंच होतं. पण डॉक्टरांनी कार्डावर बोट ठेवलं आणि त्या स्वतःच मान हलवत म्हणाल्या, नाही, काटा बिघडला असता तर आकडे वेडेवाकडे आले असते. हे तर दर आठवड्याला सारखे वाढत गेलेत, किती सुरेख रेघ आहे. मग आठवड्यात बाराशे ग्रॅम गेले कुठे? म्हणजे काहीतरी मोठा आजार आत लपलाय. तो शोधावा लागेल. त्यांनी तपासण्यांचा कागद लिहायला घेतला.

रेघ सुरेख होती यात शंकाच नव्हती. चौतीस वर्षांचा हात होता.

रुपेश बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन प्राचीवर उखडला. एरवी तो असा नव्हता, पण घाबरला की बापासारखा होई. "एका आठवड्यात सव्वा किलो, यार प्राची. तू पाजत होतीस की नाही नीट? तुझं लक्ष कुठं असतं? लॅपटॉपवर काय करत असतेस दिवसभर?"

प्राचीनं वर बघितलं नाही. "मला वाटत होतं पाय बारीक झालेत," ती म्हणाली. "मी म्हटलं पण होतं. मीच नीट बघितलं नाही."

सुलोचनाबाई तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. बोलायची वेळ ती होती. त्यांनी पदर सावरला. नंतर आयुष्यभर त्यांना सगळ्यांत जास्त जाळलं ते वजनांनी नाही, या पदर सावरण्यानं.

आतून बाळाचं रडणं येऊ लागलं. रक्त काढायला शीर मिळत नव्हती. एका हाताला टोचलं, मग दुसऱ्या, मग पायाला. टाळू दुभंगलेल्या बाळाचं रडणं वेगळं असतं, नाकातून येतं, घोगरं. सुलोचनाबाई ते तीन महिने ऐकत होत्या, पण इतका वेळ सलग कधी ऐकलं नव्हतं. एक सिस्टर बाहेर येऊन म्हणाली की आता डोक्याच्या शिरेतून घेऊन बघतो. आणि उद्या हृदयाची तपासणी. परवा आणखी एक, भूल देऊन. रुपेश तिच्यामागे कागदावर सही करायला गेला. दोघी बाकावर बसल्या.

नसलेला आजार शोधायला लेकराला टोचून राहिले. तो आजार आत नव्हता, तो बाहेर बाकावर बसला होता.

"प्राची," त्या म्हणाल्या. "ते वजनं मी खोटी लिहिली."

प्राचीनं मान वळवली. तिला समजायला वेळ लागला.

"पाच किलो कधीच नव्हतं. मांगच्या सोमवारी तीन नऊशेच होतं. आठवड्यात काही गेलं नाही त्याचं. त्याले बिमारी नाही. त्याले भूक हाये. तुह्या दुधाचा दोष नाही. तू भरपूर दिलं. माह्याच हातून जात नव्हतं त्याच्या पोटात. एकदा ठसका लागला, तवापासून मी भ्याली. राहिलेलं मोरीत ओतलं. त्या सिस्टरले सांगतलं असतं तं तिनं नळी टाकली असती, तं वाढलं असतं. मी नाही सांगतलं."

"का?" प्राचीनं विचारलं. एवढंच.

"पह्यल्यांदा तुह्या तोंडाकडं पाहून. मंग माह्या तोंडाकडं पाहून. अन्‌ ओठ शिवल्याबिगर त्याले गावात कोणी पाहू नये म्हणून. हे बी होतं. खोटं काहून बोलू."

प्राचीचा चेहरा पांढराफटक पडला. ती ओरडेल, हात उगारेल, निदान उठून जाईल असं सुलोचनाबाईंना वाटलं, आणि तसं व्हावं अशी त्यांची इच्छाही होती. तिनं तसलं काही केलं नाही. तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले. आत बाळ अजून रडत होतं. मग तिनं उठून दार ढकललं आणि आतल्या सिस्टरला हिंदीत सांगितलं की थांबा, टोचू नका, पाच मिनिटं थांबा, मी डॉक्टरांशी बोलते. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. परत येऊन तिनं पर्समधून पेन काढलं आणि फाईलमधला कोरा कागद मांडीवर घेतला.

"डॉक्टर विचारतील वजन कधीपासून थांबलंय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, ऑफिसात बोलावं तसा. "खरी वजनं कुठं लिहून ठेवलीत?"

"कुठंच नाही."

"मग आता कसं कळणार?"

"लिही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सहावा आठवडा, तीन साडेसातशे. सातवा, तीन आठशे. आठवा, तीन आठशे. नववा, तीन साडेआठशे. दहावा, तीन आठशे, पन्नास कमी झालं होतं. अकरावा, तीन साडेआठशे. बारावा, तीन नऊशे."

त्या कुठेही अडखळल्या नाहीत. प्राचीचं पेन मात्र दोनदा थांबलं. एकही आकडा त्या विसरल्या नव्हत्या. रोज उठताना आणि निजताना मनात म्हणत आल्या होत्या. प्राचीनं त्यांच्याकडे बघितलं आणि ते तिला कळलं. तिनं कागद भरला आणि सगळ्यांत वर, जागा सोडली होती तिथं, पाचवा आठवडा घातला.

"पाचवा तीन सातशे," ती स्वतःशीच म्हणाली. "तो खरा आहे. तिथून धरू."

दारातून रुपेश बाहेर आला होता. सही केलेला कागद हातात घेऊन तो ऐकत उभा होता, कधीपासून कोण जाणे. सुलोचनाबाईंनी त्याला बघितलं. पाचव्या आठवड्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"तो बी खरा नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी त्याचे कपडे उतरवले नव्हते. दुपट्यासकट घेतलं होतं. दीडशे कमी कर."

प्राचीनं सातशेवर काट मारली, शेजारी साडेपाचशे लिहिलं आणि कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.